खजूर आणि खारीक : सोलापूर प्रांतांतील त्यांचा मान व मोल

सोलापूर शहरांत रमजानच्या महिन्यांत विजापूर वेशीजवळचा बाजार खजुराच्या ढिगांनीं भरून जातो; आणि त्याच जिल्ह्यांत आषाढी एकादशीस पंढरपुरीं जमलेला वारकरी उपवासाला तोच खजूर खातो. सुवासिनीच्या ओटींत खारीक असते, बाळंतिणीच्या लाडवांत खारीक असते, आणि तान्ह्या मुलाच्या गुटींतहि ती सहाणेवर उगाळलेली असते. असें असून ह्या प्रांतांत खजुराचें झाड पूर्वापार होत नाहीं. जें फळ आपल्या मातींत पिकत नाहीं तें आपल्या घरच्या संस्कारांत कसें शिरलें, आणि त्याचें जें आरोग्यमाहात्म्य आज जिकडे तिकडे सांगितलें जातें त्यांतलें खरें किती, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हे प्रश्न वरवर पाहतां भिन्न दिसतात. एक इतिहासाचा, दुसरा आहारशास्त्राचा. परंतु ते एकमेकांत गुंतलेले आहेत. दुरून, समुद्रापलीकडून, मोल देऊन आणलेल्या वस्तूस आपोआप मान मिळतो. आणि मान मिळाला कीं तिच्या अंगीं नसलेले गुणहि तिला चिकटूं लागतात. खजुराचें नेमकें तसें झालें आहे, आणि त्याचा भुर्दंड मुख्यतः अशक्त स्त्रियांस भरावा लागतो, असें आमचें मत आहे. तें कोणत्या आधारावर, तें पुढें क्रमानें सांगूं.

शब्द आणि वस्तु

प्रथम नांवांचा घोळ निस्तरला पाहिजे. संस्कृतांतील 'खर्जूर' ह्या शब्दावरून मराठींत 'खजूर' आला. फारशींत ह्याच फळास 'खुर्मा' म्हणतात. सोलापुरांत ईदच्या दिवशीं घरोघर होणारा 'शिरखुर्मा' म्हणजे शब्दशः 'दूध आणि खजूर' होय. 'शीर' म्हणजे दूध. पुष्कळ घरीं त्यांत प्रत्यक्ष पडते ती मात्र खारीक.

खजूर व खारीक हीं दोन निराळ्या झाडांचीं फळें नव्हेत. झाडावरील फळाच्या चार अवस्था अरब लोक मानितात. पहिली हिरव्या कच्च्या फळाची. दुसरी फळ पिवळें किंवा लाल होऊन भरतें पण कठीण राहतें ती. तिसरी तें मऊ पडतें ती. आणि चौथी तें झाडावरच सुकत येऊन टिकाऊ होतें ती. आपण ज्यास खजूर म्हणतों तो बहुधा चौथ्या अवस्थेंतला. खारीक मात्र दुसऱ्या अवस्थेंतच उतरवितात, मोठ्या कढयांत पाण्यांत उकळतात आणि उन्हांत खडखडीत वाळवितात. ओमान देशांत 'मबसली' जातीचीं फळें ह्या रीतीनें उकळून हिंदुस्थानाकडे धाडण्याचा जुना धंदा आहे, व सिंधमधील खैरपूरच्या बाजूसहि ही कृति चालते. कच्छमध्यें 'खारेक' हा शब्द दुसऱ्या अवस्थेंतील ताज्या, रसदार फळासच लावितात. म्हणजे शब्द एकच, पण कच्छी माणसाच्या डोळ्यांपुढें ताजें फळ येतें आणि सोलापूरकराच्या डोळ्यांपुढें सुरकुतलेली वाळलेली खारीक. जुन्या कागदांत हा शब्द आढळल्यास लिहिणारा कोठला, हें पाहूनच त्याचा अर्थ करावा लागेल.

आपलें स्वतःचें झाड

खजुराचें झाड येथें नसलें तरी त्याचें भावंड पुष्कळ आहे. ओढ्यानाल्यांच्या कांठीं उगवणारी शिंदी ही खजुराच्याच वर्गांतली. तिचें फळ लहान. गर पातळ आणि आंत बी मोठें. पोरें तें खातात, पण बाजारांत त्याला किंमत नाहीं. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूच्या सैन्याचे हत्ती खर्जूरीच्या बुंध्यांस बांधल्याचें वर्णन केलें आहे. प्रसंग अपरान्ताचा, म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडचा, असल्यामुळें तें झाड अरबी खजुराचें नसून ह्या देशी जातीचें असावें असें आम्हांस वाटतें. म्हणून संस्कृत ग्रंथांत 'खर्जूर' शब्द दिसतांच आज आपण खातों तो खजूर समजणें धोक्याचें आहे.

शिंदीचा खरा उपयोग दोन प्रकारचा. तिच्या पानांच्या चटया व केरसुण्या होतात. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं हीच केरसुणी 'लक्ष्मी' म्हणून पूजिली जाते. दुसरा उपयोग खोडांतून पाझरणाऱ्या रसाचा. सकाळीं ताजा असतां तो गोड असतो, आणि ऊन चढूं लागलें कीं आंबून मादक होतो. ह्या मादक रसासहि 'शिंदी'च म्हणतात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ह्या रसाच्या काढणीवर सरकारी कर व परवाना यांचें बंधन पक्कें झालें.

सोलापूरच्या इतिहासांत ह्या झाडास एक निराळें स्थान आहे. १९३० च्या मे महिन्यांत महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता येतांच शहर खवळून उठलें. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या परिसरांत शिंदीचीं झाडें तोडण्याच्या सत्याग्रहासाठीं लोक जमले. तेथें पोलिसांशीं झटापट होऊन गोळीबार झाला, आणि शंकर शिवदारे ह्यांचा अंत झाला. पुढें १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला, आणि मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकृष्ण सारडा ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. ज्या झाडाच्या फळाकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं, त्याच्या रसापायीं गोरगरिबांचे संसार बुडत होते म्हणून लोकांनीं त्यावर कुऱ्हाड धरिली. एकाच वर्गांतील दोन झाडें : एकाचें फळ ओटींत, दुसऱ्याचा रस बहिष्कृत.

खजूर येथें कां होत नाहीं

खजुराच्या झाडाचे पाय पाण्यांत व डोकें आगींत पाहिजे, असें अरब लोक म्हणतात. सोलापूरचें ऊन त्याला पुरेसें आहे. वैशाखांत येथील उष्णता चाळीस अंशांपलीकडे जाते. अडचण पावसाची आहे. झाडास वसंताच्या आरंभीं फुलोरा येतो, आणि फळास पूर्ण पिकून सुकण्यास पुढें कित्येक महिन्यांची कोरडी हवा लागते. आपल्याकडे फळ रंग धरूं लागतें न लागतें तोंच मृगाचा पाऊस येतो; फळ तडकतें, आंबतें व गळून पडतें. सोलापूर कितीहि अवर्षणाचा जिल्हा असला तरी जो काय पाऊस पडतो तो नेमका ह्याच महिन्यांत पडतो. शिवाय ह्या झाडांत नर व मादी निराळीं असून चांगल्या पिकासाठीं नराचा पराग माणसास हातानें मादीच्या फुलोऱ्यावर घालावा लागतो. हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बागा राखणाऱ्यांजवळच असतें. अलीकडे महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत बार्ही जातीचीं ऊतिसंवर्धित रोपें लावण्याचे प्रयोग होत आहेत. ह्या जातीचें फळ दुसऱ्या अवस्थेंतच तुरटपणा सोडून गोड लागत असल्यामुळें पावसाच्या तोंडावर तें उतरवून ताजें विकतां येतें. पण सुकविलेला खजूर अद्यापि बाहेरूनच यावा लागतो.

येण्याची वाट

ही आयात किती जुनी आहे? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत इराणी आखातांतील अपोलोगस व ओम्माना ह्या बंदरांतून बॅरिगाझास, म्हणजे भडोचास, जाणाऱ्या मालाची यादी आहे. त्यांत मोतीं, मद्य, सोनें व गुलाम यांबरोबर पुष्कळ खजूर असा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत पैठण व तगर ह्या दक्षिणेंतील दोन मोठ्या पेठांचा उल्लेख असून तेथील माल गाड्यांवर लादून भडोचास नेत असें म्हटलें आहे. तगराहून मुख्यतः कापड जाई. हें तगर म्हणजे बार्शीच्या पलीकडचें, धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय, हें फ्लीट ह्यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. खजूर तेरपर्यंत पोंचत होता असें ग्रंथकार म्हणत नाहीं, आणि तसें आम्हीहि म्हणणार नाहीं. परंतु सोलापूरच्या शेजारची पेठ व आखातांतील खजूर हीं एकाच बंदराशीं जोडलेलीं होतीं, एवढें त्यावरून निश्चित होतें.

मध्ययुगांतील पुरावा अधिक सरळ आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथांत खर्जूराचे प्रकार सांगतांना एक प्रकार गाईच्या सडाच्या आकाराचा, परद्वीपांतून इकडे आलेला व पश्चिमेकडील देशांत होणारा असा वर्णिला असून त्यास 'छोहारा' असें नांव दिलें आहे. हीच आपली खारीक. त्याच शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा ह्यानेंहि होर्मुझ बंदरांतून हिंदुस्थानाकडे घोड्यांबरोबर खजूर जात असल्याचें नमूद केलें आहे. दाभोळ व चौल हीं त्या काळचीं दख्खनचीं दारें. घोडे येथूनच घाट चढून बहामनी व पुढें आदिलशाही मुलखांत येत. १८६० सालीं लोहमार्ग सोलापुरास पोंचला, आणि पुढें घाटांतील मार्ग पुरा झाल्यावर बसरा व मस्कत येथून मुंबईस उतरणाऱ्या खजुरास घाट ओलांडण्याची बैलांची वाट उरली नाहीं. चैनीची वस्तु हळूहळू बाजाराची झाली.

ही वाट आजहि राजकारणानें हलते. फेब्रुवारी २०१९ मध्यें भारतानें पाकिस्तानांतून येणाऱ्या सर्व मालावर शेंकडा २०० जकात बसविली, तेव्हां त्याचा धक्का खारकेच्या बाजारास बसल्यावांचून राहिला नाहीं. सीमेवरच्या घडामोडीनें ओटीचें साहित्य महाग व्हावें, हें ह्या फळाच्या परदेशीपणाचें चांगलें गमक आहे.

घरांतील मान

दुरून येणारी, न नासणारी आणि गोड, अशा वस्तूस मंगलकार्यांत स्थान मिळणें स्वाभाविक होतें. हळकुंड, सुपारी, बदाम, खोबरें व खारीक हा संच ओटींत, कलशापुढें व लग्नकार्यांत सर्वत्र दिसतो. ह्या पांचांचा समान गुण पाहिला तर तो टिकाऊपणाचा आहे. केळें चार दिवसांत जातें. खारीक वर्षभर डब्यांत राहते. धनगरांच्या जत्रांत भंडाऱ्याबरोबर खोबरें उधळतात. कोल्हापूर जिल्ह्यांतील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत खारीकहि उधळिली जाते. उपवासास ती चालते याचें कारण ती फळ आहे, धान्य नव्हे. रोजा सोडण्यास खजूर घेण्याची चाल इस्लामी परंपरेनें आलेली आहे. दोन्ही चालींस शरीरधर्माचा पाया आहे, तो पुढें येईल.

बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत खारकेची पूड, सुकें खोबरें, डिंक, खसखस, गूळ व तूप हीं एकत्र येतात. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या चालींत खारीक एकटी कधींच औषध म्हणून दिली जात नाहीं. ती नेहमीं पांचसात वस्तूंपैकीं एक असते, आणि मुख्य अन्न भाकरीच असतें.

वैद्यांनीं काय म्हटलें होतें

आतां आरोग्याच्या प्रश्नाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौथ्या अध्यायांत औषधी द्रव्यांचे दहा दहांचे गण दिले आहेत. त्यांपैकीं श्रमहर म्हणजे थकवा घालविणाऱ्या गणांत खर्जूर आहे. सोबतीस द्राक्षें, चारोळी, बोर, डाळिंब, फालसा, ऊंस, जव, साठीचा भात अशीं द्रव्यें आहेत. यादी वाचतांच तिचें सूत्र उमगतें : हीं बहुतेक सर्व साखरेचीं किंवा पिठाचीं, लवकर बळ देणारीं अन्नें आहेत. मद्याच्या विकारावर जो मंथ सांगितला आहे त्यांतहि खर्जूर, मनुका, चिंच, डाळिंब व आंवळा यांची योजना आहे.

पंडुरोगाचें, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकें पडण्याचें, प्रकरण मात्र चिकित्सास्थानांत सोळाव्या अध्यायांत स्वतंत्र आहे. आणि तेथील मुख्य योग, नवायस चूर्ण व मंडूरवटक, हे प्रत्यक्ष लोहाचे आहेत. नवायसांत लोहभस्म आहे, मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट. तात्पर्य, प्राचीन वैद्यांचा विवेक असा होता : श्रमास खजूर, पंडुरोगास लोह. आज घरोघर जें सांगितलें जातें, कीं रक्त वाढविण्यास रोज दोन खजूर खावे, तें ह्या विवेकाशीं जुळत नाहीं.

आकड्यांची साक्ष

आधुनिक पृथक्करण काय सांगतें तें पाहूं. अमेरिकन कृषिखात्याच्या कोष्टकाप्रमाणें मेजूल जातीच्या १०० ग्रॅम खजुरांत सुमारें २७७ कॅलरी, ७५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ (त्यांपैकीं ६६ ग्रॅमवर साखर), ६.७ ग्रॅम चोथा, १.८ ग्रॅम प्रथिन, ६९६ मिलिग्रॅम पोटॅशियम, ५४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.९ मिलिग्रॅम लोह असतें. डेगलेट नूर जातीचे आकडे जवळपास असेच असून त्यांत लोह १ मिलिग्रॅम आहे. 'क' जीवनसत्त्व सुकलेल्या फळांत नाममात्रच उरतें.

ह्यावरून खजुराचें खरें रूप दिसतें : तो साखरेचा सांठा आहे, पण चोथा व पोटॅशियम यांसह असलेला सांठा आहे. मऊ खजुरांतील बहुतेक साखर द्राक्षशर्करा व फलशर्करा ह्या साध्या रूपांत असते. तिला पचविण्यास फार खटपट लागत नाहीं. ती आंतड्यांतून लवकर रक्तांत जाते. दिवसभर निराहार राहिलेल्या माणसास दोनतीन खजूर व पाणी घेतांच हुशारी वाटते ती यामुळें. रोजा असो वा एकादशी, शरीर तेंच आहे. चरकाचा 'श्रमहर' हा शब्द येथें अक्षरशः खरा ठरतो.

आतां लोहाचा आकडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत खारकेच्या १०० ग्रॅममध्यें ७.३ मिलिग्रॅम लोह दिलेलें असे, आणि खजूर रक्तवर्धक आहे असें सांगणारे लेखक बहुधा हाच आकडा उचलतात. तो अमेरिकन आकड्याच्या सातपटींहून अधिक आहे. असें अंतर दिसलें कीं इतिहाससंशोधकानें दोन बखरींतील विरोध पाहावा तसें पाहावें : साधन कोणतें, नमुना कोणता, आणि मजकुरांत मागाहून कांहीं मिसळलें आहे काय? लोहाच्या बाबतींत हें मिसळणें अक्षरशः घडतें. धान्यफळांवर बसलेली धूळमाती, वाळवणाची जागा, दळण्याचीं लोखंडी यंत्रें यांचें लोह पृथक्करणांत पदार्थाच्या खात्यावर पडूं शकतें, आणि तें शरीरास बहुतांशीं निरुपयोगी असतें. त्याच संस्थेनें २०१७ सालीं नवीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, त्यांत कित्येक पदार्थांचें लोह पुष्कळ उतरलें. अळिवाचें उदाहरण बोलकें आहे : जुना आकडा १०० मिलिग्रॅम होता, नवा सुमारें १७.

पण वादाकरितां दोन्ही आकडे घेऊन हिशेब करूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढ स्त्रीस रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावें असें ठरविलें. १०० ग्रॅमांत १ मिलिग्रॅम धरिलें तर तें मिळविण्यास रोज २ किलो ९०० ग्रॅम खजूर खावा लागेल. त्यांत आठ हजारांवर कॅलरी होतील. जुना ७.३ चा आकडा धरिला तरी रोज सुमारें ४०० ग्रॅम खारीक लागेल, व तिच्या साडेबाराशें कॅलरी होतील. बैठें काम करणाऱ्या स्त्रीस दिवसभरांत एकंदर १६६० कॅलरीच पुरतात. जे 'दोन खजूर' सांगितले जातात त्यांचें वजन लहान जातींत जेमतेम १५ ग्रॅम. त्यांतील लोह सुमारें ०.१५ मिलिग्रॅम, आणि जुन्या आकड्यानेंहि एक मिलिग्रॅमच्या थोडें वर. ह्याउलट ज्वारीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ४ मिलिग्रॅम व बाजरीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ६.४ मिलिग्रॅम लोह नव्या कोष्टकांत आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतली, आतां भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी ही समुद्रापलीकडच्या खजुरापेक्षां लोहाच्या बाबतींत श्रीमंत आहे! धान्यांतील फायटेटमुळें त्यांतलें थोडेंच लोह अंगीं लागतें, हें खरें. पण जेवणांत लिंबू पिळलें किंवा आंवळा घेतला तर तें प्रमाण वाढतें, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतें.

हा वाद कां महत्त्वाचा

हा केवळ आंकडेमोडीचा खेळ नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. गरोदर स्त्रीस सरकारी योजनेंतून रोज एक गोळी मिळते. तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. गोळीनें मळमळतें, शौचास काळें होतें, म्हणून ती बाजूस राहते. आणि घरांतील वडीलधारीं माणसें मायेनें म्हणतात कीं गोळ्या कशाला, खजूर खा. त्या खजुराच्या सहा किलोंत जेवढें लोह तेवढें त्या एका गोळींत असतें. मायेच्या ह्या सल्ल्यानें बाळंतपणांतील रक्तस्रावास तोंड देण्याची शक्ति जमण्याचे महिने हातचे जातात. ह्या एका कारणासाठीं तरी खजुराचा मान व त्याचें मोल यांची फारकत करणें अवश्य आहे.

जे गुण खरे आहेत ते

मग खजूर निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. त्यांतील चोथ्यानें शौचास साफ होतें. पोटॅशियम हें रक्तदाब आटोक्यांत ठेवण्यास साहाय्यक आहे. साखर पुष्कळ असूनहि चोथ्यामुळें ती रक्तांत एकदम उसळत नाहीं : संयुक्त अरब अमिरातींत पांच जातींच्या खजुरांवर झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांचा शर्करा-निर्देशांक ४६ ते ५५ च्या दरम्यान, म्हणजे बेताचा, आढळला. परंतु प्रयोगांतील माणसें थोडीं होतीं, व मात्राहि मोजून दिलेली होती. मधुमेह्यानें मूठ मूठ खजूर खावा असा त्याचा अर्थ नव्हे.

गरोदरपणाविषयींहि एक प्रयोग उल्लेखनीय आहे. जॉर्डनमध्यें ६९ स्त्रियांनीं प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीं चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले; त्यांची तुलना न खाणाऱ्या ४५ स्त्रियांशीं करण्यांत आली. खजूर खाणाऱ्यांत कळा आपोआप सुरू होण्याचें प्रमाण शेंकडा ९६ व इतरांत ७९ असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र ह्या गट-विभागणींत चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, ज्यांस खावयाचे होते त्यांनीं खाल्ले. म्हणून हा पुरावा आशादायक असला तरी निर्णायक नाहीं. डिंकाच्या लाडवाचेंहि असेंच मोल करावें : तो बाळंतिणीस दाट अन्न देतो, थोड्या घांसांत पुष्कळ बळ देतो, आणि पूर्वीच्या काळीं जेव्हां तिच्या ताटांत एरवीं फारसें पडत नसे तेव्हां घरानें तिच्यासाठीं राखून ठेवलेला हा वांटा होता. हें त्याचें सामाजिक मोल लोहाच्या आकड्यानें कमी होत नाहीं.

दोन इशारे देणें कर्तव्य आहे. मूत्रपिंडाच्या विकारांत पोटॅशियम सांचतें. अशा रोग्यानें वैद्याच्या सल्ल्यावांचून खजूर खाऊं नये. आणि बाळगुटींतली खारीक कितीहि परंपरेची असली तरी पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाण, पाणी व हात यांतून जंतु जाण्याचा धोका खारकेच्या गुणापेक्षां मोठा आहे. गुटीची मुळी खारीक थोडी मोठी झाल्यावर मुलाच्या खाण्यांत बीं काढून, कुटून यावी. परंपरेचा धागा त्यानें तुटत नाहीं.

समारोप

सारांश, खजूर व खारीक हीं सोलापूर प्रांतांत व्यापाराच्या वाटेनें आलीं, टिकाऊपणामुळें मंगलकार्यांत बसलीं, आणि दोन धर्मांच्या उपवासांत एकाच शरीरधर्मामुळें मान्य झालीं. प्राचीन वैद्यांनीं त्यांस श्रमहर म्हटलें तें यथार्थ आहे. त्यांस रक्तवर्धक म्हणणें ही मागाहूनची भर आहे, आणि ती चरकाच्या ग्रंथानेंहि सिद्ध होत नाहीं व प्रयोगशाळेच्या तराजूनेंहि होत नाहीं. ओटींत खारीक असावी, एकादशीस व इफ्तारीस खजूर असावा, कष्टकऱ्याच्या फडक्यांत चार खजूर बांधलेले असावेत. पण घरांतील एखादी सून किंवा लेक फिकी दिसूं लागली तर तिचें रक्त तपासावें, लोहाची गोळी तिच्या हातावर ठेवावी, आणि भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ व लिंबाची फोड तिच्या ताटांत पडते कीं नाहीं हें पाहावें. खजूर त्यानंतर द्यावा, गोड म्हणून.